शाकारणीचा वैशाख

जपानात काय काय बघितलंत, असं परभणीला परतल्यापासून मला जो तो विचारतो. मी म्हणते, "शाकारणी." विचारणारा गप्प होतो. त्याला वाटतं, म्हातारीला प्रश्न नीट ऐकू आला नाही. माझी नात कल्याणी तिकडे नोकरीला आहे. तिनं मला हौसेनं नेलं, वाऱ्यासारख्या धावणाऱ्या आगगाड्या दाखवल्या, मान दुखेल इतक्या उंच इमारती दाखवल्या, आणि मी येऊन सांगते काय, तर गवताची छपरं! तीही बिचारी हसते. पण खरं तेच आहे. बाकी सगळा जपान मी पाहुण्यासारखा बघितला. त्या एका गावात मात्र मला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

डोंगराच्या पोटातून लांबच लांब बोगदा गेला होता. बस त्यातून बाहेर पडली आणि खाली दरी उघडली. भाताची खाचरं पाण्यानं भरलेली, त्या पाण्यात डोंगर उलटे पडलेले, आणि मधे मधे घरं. घरं कसली, नुसती छपरंच. भिंती जेमतेम कमरेइतक्या वाटाव्यात आणि वर हे एवढं उभं, जाड, काळसर गवताचं छप्पर. कल्याणी म्हणाली, "आजी, या घरांना इथले लोक जोडलेल्या हातांची घरं म्हणतात." मी बघितलं, तर खरंच. नमस्कारासाठी हात जोडावेत तशी दोन्ही पाखं वर जाऊन मिळालेली.

एका घरापाशी गर्दी होती. त्याचं एक पाखं उघडं केलं होतं आणि त्यावर माणसं मुंग्यांसारखी पसरली होती. वरून जुनं गवत खाली येत होतं, खालून नवं वर जात होतं. आम्ही जवळ गेलो आणि तो वास आला. वर्षानुवर्षं धूर प्यालेल्या गवताचा कडवट वास, त्यात नव्या वाळल्या गवताचा गोडसर वास, त्यात माणसांच्या घामाचा. मी कल्याणीचा दंड घट्ट धरला.

"काय झालं आजी? चक्कर येतेय का?"

"नाही गं," मी म्हटलं. "वैशाख आलाय."

तिकडे चांगली थंडी होती. माझ्या अंगात दोन स्वेटर होते. पण मला सांगायचं होतं ते तेवढंच.

तो वैशाख माझ्या लग्नानंतरचा पहिला. मी सोळा वर्षांची होते. निजामाचं राज्य जायला अजून दोन-तीन वर्षं होती. मला पेडगावात दिलं होतं. पेडगाव म्हणजे काळी, सपाट रानं. घरापुढे उभं राहिलं तर नजर अडायला झाडाशिवाय काही नाही. आमचं घर माळवदाचं होतं, जाड मातीच्या भिंती आणि वर पांढऱ्या मातीचं सपाट छत. त्या माळवदाचा मामंजींना भारी अभिमान. मामंजी म्हणजे माझे सासरे. उंच, थोराड, डोक्याला पांढरा पटका. बोलायचे कमी. त्यांच्या जोड्यांचा आवाज वाड्याच्या दारात आला की घरातलं बोलणं आपोआप खाली यायचं. लग्न होऊन सहा महिने झाले तरी मी त्यांच्यासमोर एक शब्द बोलले नव्हते. त्यांचा चेहरा मी नीट बघितला नव्हता. पदराखालून जे दिसायचे ते त्यांचे पाय, तेवढी माझी त्यांची ओळख. नवऱ्याशी तरी कुठे बोलले होते? हेही बापाच्या धाकात. पाणी हवं असलं तर आईला सांगायचे, आणि सासूबाई मला सांगायच्या.

मामंजींची थोरली बहीण, आमच्या आत्याबाई, चारठाण्याच्या पुढे डोंगरात हिवरवाडीला दिलेल्या होत्या. पोटी मूलबाळ नव्हतं, आणि आदल्या श्रावणात त्यांचे मालक गेले. तेव्हापासून मामंजींच्या डोक्यात एकच होतं, बहिणीला पेडगावी आणायचं.

"भाऊ माळवदात निजतो आन् बहीण गवताखाली," ते सासूबाईंना म्हणाले, "लोक काय म्हनतील?"

सासूबाईंचे गुडघे धरलेले. म्हणून आत्याबाईंची भांडीकुंडी बांधायला बाईमाणूस म्हणून मला घेतलं आणि गाडी हाकायला यांना. सासरी आल्यापासून सहा महिन्यांत मी पहिल्यांदा गावाबाहेर पडत होते. भांडी बांधायला तर भांडी बांधायला! मी आतून इतकी खुशीत होते की पदराखाली हसू मावत नव्हतं.

बोरीला एक मुक्काम पडला. पुढे जिंतूर आलं. चारठाण्याला दुपारी जुन्या दगडी देवळाच्या सावलीत बैल सोडले. तिथला दगड पाठीला इतका गार लागला की उठवेना. आणि मग रस्ता वर चढायला लागला. मी सपाट मुलखात जन्मलेली. चढ म्हणजे विहिरीच्या पायऱ्या, एवढंच मला ठाऊक. गाडी तिरपी झाली की मी दोन्ही हातांनी बाजूचे दांडे धरायची आणि यांची पाठ पुढे हसून हलताना दिसायची. दोन्हीकडे पळसाला नवी पालवी फुटलेली होती, टेंभुरणीची पिवळी फळं खाली पडलेली होती. वरच्या अंगाला हिवरवाडी दिसली. वीसेक घरं असतील, सगळी गवताची. जणू डोंगराच्या उतारावर कुणी सुपं पालथी घालून ठेवलीत.

गाडी दारात थांबली. आतून एक ठेंगणी, गोल, कपाळावर गोंदण असलेली बाई पिठाच्या हातानं बाहेर आली आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आलास का रं किसन्या! किती वाळलास मेल्या! बायको जेवाय घालती का न्हाई?"

किसन्या! ज्यांच्या समोर पेडगावातली म्हातारी माणसंही उठून उभी राहायची, ते मामंजी किसन्या! मी पदर तोंडात कोंबला. वर बघायचं धाडस नव्हतं, पण खाली त्यांचे पाय दिसत होते. ते मोठे, कडक पाय एकाएकी शाळेतून उशिरा घरी आलेल्या पोरासारखे एकमेकांजवळ सरकले होते.

"आक्का, तुला न्यायला आलोय," मामंजी म्हणाले.

"बघू की," आत्याबाई म्हणाल्या. "आदी हातपाय धुवा, जेवा."

जेवण झालं. तरी "बघू की." दुसऱ्या दिवशी सकाळी, "आज कसं जमंल रं? आज दगडूचं घर शाकारायचं हाय." तिसऱ्या दिवशी आणखी कुणाचं. नाही असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. घडवंचीवरची भांडी त्यांनी स्वतःच खाली काढून ठेवली होती. पण गाडी काही भरली जाईना. मामंजी ओट्यावर बसून राहायचे आणि हिवरवाडीची शाकारणी आमच्या डोळ्यांसमोर पुढे सरकत राहायची.

पावसाळ्याआधी त्या गावात रोज एकाचं घर. कुणी दवंडी देत नव्हतं. सकाळी न्याहारी झाली की घराघरातून एकेक गडी निघायचा आणि सगळे एका दारी जमायचे. आधी जुनं गवत उतरायचं. वरून काळा धुरळा असा यायचा की कोण कुठला ओळखू येऊ नये. विंचू निघाला की एकच आरडाओरड. उघडे वासे दिसायला लागले की घर एकदम लाजल्यासारखं वाटायचं. खाली आम्ही बायका नवं गवत विंचरून त्याच्या पेंढ्या बांधायचो. एक जण पेंढी वर फेकायचा, वरचा झेलायचा. वळचणीपासून सुरुवात करून एकेक थर आढ्याकडे चढायचा, प्रत्येक थरावर बांबूच्या कामट्या आवळल्या जायच्या. ज्याचं घर असेल त्याच्याकडे दुपारचं जेवण. गरम धपाटे, शेंगाची चटणी, ताकातली आंबील. एवढ्या माणसांसाठी धपाटे थापताना हात भरून यायचे, पण तिथे पंगतीत बायका इतक्या हसायच्या की दुखणं लक्षातच यायचं नाही.

हिवराच्या झाडाखाली चांदभाई दोर वळत बसायचे. पळसाच्या मुळ्या कुटून त्यांचा वाक, म्हणजे चिवट धागा, काढायचा आणि पिळून दोरी करायची. दाढी पांढरी, डोळे मिचमिचे, आणि जीभ अर्धी मराठी, अर्धी दखनी. मला दोर वळायची हौस आली. मी जोर लावून पिळायला गेले तर म्हणाले, "धीरे बहू, धीरे. दोरीवर राग न्हाई काढायचा. तिनं क्या बिगाडा हाय तुमचं?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. मोठ्यानं हसले. पेडगावात मी आवाज करून कधी हसल्याचं मला आठवत नाही.

आणि हे? दुसऱ्या दिवशीच म्हातारे लिंबाजी, जे आढ्यावर बसून सगळं काम चालवायचे, ते वरून ओरडले, "पावनं, बसून काय करायलाव? या की वर!" यांनी बापाकडे बघितलं. मामंजी काही बोलले नाहीत. हे शिडीवर पाय देऊन जे चढले ते संध्याकाळी उतरले. त्यानंतर रोजच. पेडगावात मान खाली घालून चालणारा हा माणूस छपरावर शीळ घालायचा, पेंढी झेलताना मुद्दाम उडी मारायचा. काजळीनं तोंड काळं, नुसते दात पांढरे. मी आंबीलीचा तांब्या वर द्यायला शिडीच्या दोन पायऱ्या चढले, तेव्हा म्हणाले, "हितनं पार पेडगाव दिसायलंय."

मी पटकन वर बघितलं. "खरंच?"

"न्हाई. तू एकदा वर बघावंस म्हनून म्हनलो."

लग्नानंतर यांचं माझ्याशी झालेलं ते पहिलं बोलणं. मी तांब्या तसाच हातात धरून उभी राहिले आणि वरून लिंबाजी म्हणाले, "पोरी, त्या तांब्यात आमच्यासाठी बी कायतरी ठेव."

जपानात आम्ही ज्या घरी उतरलो होतो तिथली मालकीण माझ्याच वयाची. घराच्या मधोमध जमिनीत चौकोनी चूल, वर साखळीला टांगलेली किटली. धुरानं माझ्या डोळ्यांना पाणी आलं, तशी ती घाईनं उठून दार उघडायला लागली. मी कल्याणीला म्हटलं, सांग तिला, राहू दे, हा धूर माझ्या ओळखीचा आहे. हा धूर वर जातो म्हणून गवताला कीड लागत नाही, हेही मला माहीत आहे. म्हातारीनं माझ्याकडे नीट बघितलं. मग तिनं विचारलं, तुमच्याकडे एका छपरावर किती माणसं लागायची? कल्याणीनं प्रश्न मराठीत केला. मी म्हटलं, "सगळी." कल्याणीनं तेवढाच एक शब्द जपानीत सांगितला आणि म्हातारी इतकी हसली की तिची किटली हलली. तिनं मला एक शब्द सांगितला. "युई", तिकडे एकमेकांच्या कामाला असं जायच्या रीतीला तसं म्हणतात. मी तिला आमचा सांगितला, "सावड." तिनं तो दोन-तीनदा म्हणून बघितला. ड तिला काही जमेना.

पण सावडीला दुसरी बाजू असते, ती मला हिवरवाडीत कळली.

आम्हाला जाऊन आठ दिवस होत आले होते. सकाळी आत्याबाई आणि मी झऱ्यावर पाण्याला गेलो. मी सहज विचारलं, "आत्याबाई, तुमचं घर कधी शाकारायचं?"

"माजं कशाला? मी तर चालले की पेडगावला."

"पण छप्पर तर झिजलंय. परवा आतून ऊन दिसत होतं."

त्या घागर बुचकळत होत्या. हात थांबला नाही, पण आवाज जरा खाली आला. "पोरी, ह्या गावात ज्याच्या घरचा गडी दुसऱ्याच्या छपरावर चढतो, त्याच्या छपरावर सारं गाव चढतं. धनी व्हते तवर सगळ्यांत आदी तेच वर असायचे. औंदा माज्या घरातनं कोन गेलं? कोन्त्या तोंडानं म्हनू, माजं शाकारा?"

"तुम्ही रोज सगळ्यांकडे भाकरी भाजता की."

"त्या तर सगळ्याच बाया भाजत्यात." त्यांनी घागर माझ्या डोक्यावर चढवली आणि एकदम हसल्या. "छप्पर गळायलं की मानूस भावाकडं जातंच. आन् भाऊ बी चांगला हाय माजा. जरा फुगतो, एवढंच."

घरी येईपर्यंत मी काही बोलले नाही. आत्याबाई मात्र वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत होत्या. कुणाच्या म्हशीची चौकशी, कुणाच्या पोराच्या कानाची. झऱ्यापासून घर हाकेच्या अंतरावर, पण आम्हाला पोचायला किती वेळ लागला! मला पेडगावचं घर आठवलं. तिथल्या थंड, जाड भिंती आठवल्या. तिथे त्या बोलणार कुणाशी? माझ्याशी? मी तर पदरातून पाय बघत फिरणार. खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या. त्या आल्या असत्या तर माझेच दिवस सुखाचे झाले असते. पण त्या तिथे आल्यावर अशा राहिल्या नसत्या, हेही मला डोक्यावरच्या घागरीइतकं स्पष्ट जाणवत होतं.

त्या दिवशी दुपारीच शेवटचं घर पुरं झालं. लिंबाजी, चांदभाई आणि दोघं-चौघं आत्याबाईंच्या ओट्यावर येऊन टेकले. मी आत दाराआड भांडी गोणत्यात भरत होते. मामंजी म्हणाले, "चला, शाकारनी झाली. उद्या सकाळी गाडी भरू."

"बाई जायल्या म्हना," लिंबाजी म्हणाले.

मग चांदभाई म्हणाले, "आम्हाला वाटलं, बाईलाच जायचंय. त्या छपराचं काही बोलल्याच न्हाईत. जानेवालेको कैसे रोकना?"

आत्याबाई चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांची पाठ ताठ झाली, पण तोंडातून शब्द नाही. मला कळेना, ही एवढी बोलकी बाई, आणि एवढं बोलकं गाव, नेमक्या या एका गोष्टीला सगळे मुके कसे? त्यांना वाटतंय हिला जायचंय, हिला वाटतंय आपण मागायचं कसं, आणि मामंजींना वाटतंय लोक काय म्हणतील. माझ्या हातात पितळेचं पातेलं होतं. ते मी खाली ठेवलं आणि दारात आले. पदर कपाळावर होता, पण नाकापर्यंत नव्हता.

"मामंजी."

माझा आवाज मलाच कुणा परक्या बाईचा वाटला. ओट्यावरची सगळी माणसं वळली. हे शिडी खांद्यावर घेऊन अंगणात आले होते, ते तिथेच थिजले.

"हे आठ दिवस सगळ्यांच्या छपरावर चढले," मी म्हटलं. "ते कुणाच्या घरचे म्हणून चढले?"

मला आणखीही काही म्हणायचं होतं, पण तेवढंच जमलं. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. मग लिंबाजींनी मांडीवर थाप मारली.

"आरं तिच्या! बाईच्याच घरचा गडी की ह्यो! आठ दिस आमच्या बोकांडी बसलाय. मंग बाईचं घर ऱ्हायलंच न्हवं का!"

"लो!" चांदभाई उठले. "दोरी कम पडेल. मी चाललो."

आत्याबाई वळल्या. तोंडावर चुलीचा जाळ होता की आणखी काही, कोण जाणे, पण चेहरा लालबुंद झाला होता. मामंजी मात्र उठले, जोडे घातले आणि अंगणातून निघून गेले. त्या जोड्यांचा आवाज लांब जाईपर्यंत मी ऐकत होते. सासऱ्यासमोर, चारचौघांत, सून बोलली! हे जवळ आले आणि इतक्या हळू म्हणाले की मलाच ऐकू यावं, "लय भारी बोललीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव आत्याबाईंच्या दारी. कुणी पेंढ्या आणल्या, कुणी कामट्या. जुनं छप्पर उतरलं तसं घरात एकदम आभाळ आलं. आत्याबाई चुलीपाशी बसून वर बघत राहिल्या. "दर शाकारनीला मी खालीच मान घालून भाकरी थापायची," म्हणाल्या. "आपल्या घरातनं आभाळ कसं दिसतं, आज बगायले."

मामंजी लांब हिवराखाली उभे होते. पटका चापून बांधलेला, हात मागे. मी त्यांच्या दिशेनं बघायचंच टाळत होते.

दुपार कलली तेव्हा एक पाखं पुरं झालं होतं आणि दुसरं निम्म्यावर आलं होतं. गवत पसरलं होतं, पण वरच्या थराला कामट्या आवळायच्या होत्या. तेवढ्यात डोंगरापलीकडून वारा सुटला. वैशाखातला वारा, कधी कुठून येईल नेम नाही. पाचोळा गोल फिरत अंगणात शिरला आणि वरचं गवत फुलायला लागलं. कोंबडीनं पिसं फुलवावीत तसं. लिंबाजी ओरडायला लागले, "धरा! धरा!" वर होते तेवढ्यांनी हात टाकले, पण वरचा कोपरा उचललाच गेला. चार-सहा पेंढ्या उडून चांदभाईंच्या अंगावर पडल्या.

शिडीचा करकर आवाज झाला. मी बघितलं तर पांढरा पटका वर चाललेला. मामंजी! धोतर खोचलेलं, पाय अनवाणी. ते वासे धरत धरत त्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि दोन्ही हात पसरून गवतावर चक्क पालथे पडले. पेडगावचे मामंजी बहिणीच्या छपराला मिठी मारून पडलेले! वाऱ्यानं त्यांचा पटका सुटला आणि लांब पांढरा शेमला आढ्यावरून फडफडायला लागला. पण त्यांनी हात सोडले नाहीत. तोंडात गवत जात होतं तरी ओरडत होते, "न्हाई जाऊ द्यायचो! आक्का, न्हाई जाऊ द्यायचो मी!"

आत्याबाई अंगणाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्या तिथून गरजल्या, "आरं किसन्या, मी कुठं जायलेय!"

आधी लिंबाजी हसले. मग सगळं छप्पर हसायला लागलं. वरची माणसं हसताना गवत धरत होती, खालची हसताना डोळे पुसत होती. चांदभाई तर खालीच बसले. मामंजींना काही क्षण कळेना काय झालं. मग तेही पालथ्या पालथ्याच हसायला लागले, आणि त्यांच्या हसण्यानं पाठ अशी हलायला लागली की लिंबाजी म्हणाले, "पावनं, हसा, पन हात सोडू नका!"

वारा दमला. पाऊस आलाच नाही, नुसते चार थेंब पडून गेले. कामट्या आवळल्या गेल्या. मामंजींना उतरवणं हे मात्र मोठं काम झालं, कारण आवेशाच्या भरात चढलेल्या माणसाला उतरताना खाली बघवेना. त्यांना खाली आणताना यांनी एकेक पाय हातात धरून शिडीच्या पायरीवर ठेवला. त्या संध्याकाळी पंगतीत मामंजी लिंबाजींच्या शेजारी बसले. त्यांच्या भुवयांतसुद्धा काजळी होती. गाडी भरायचा विषय पुन्हा निघाला नाही.

जपानातल्या त्या शाकारणीपाशी मला राहवलं नाही. पेंढ्या हातोहात पुढे द्यायला माणसांची रांग लागली होती. मी कल्याणीला म्हटलं, विचार, मी उभी राहू का? ती म्हणाली, आजी, तुझं वय! पण तिनं विचारलं. एक पिवळी टोपी घातलेला पोरगेला माणूस हसला, थोडा बाजूला सरकला आणि त्याच्या नि त्याच्या आईच्या मधे मला जागा करून दिली. पेंढी हातात आली. आपल्यापेक्षा जाड, लांब, पण बोचायची तशीच. किती पुढे दिल्या कुणास ठाऊक. कल्याणीनं फोटो काढले आहेत, त्यात मी तोंड उघडं टाकून हसतेय.

जुनं ते सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. गवतात विंचू असायचे, ठिणगीची भीती असायची, आणि दर दोन-तीन वर्षांनी तीच खटपट. हिवरवाडीत आता पत्रे आहेत आणि स्लॅबही आहेत. मीसुद्धा परभणीत स्लॅबखालीच पंखा लावून बसलेय. डोक्यावरून पाणी गळत नाही यात सुख आहेच. एवढंच वाटतं, की आता आपण शेजाऱ्याच्या छपरावर कधी चढत नाही, म्हणून तिथून आपलं घर कसं दिसतं ते आपल्याला ठाऊक नसतं.

आत्याबाई पुढे पुष्कळ वर्षं जगल्या, आपल्याच घरात. मामंजी दर वैशाखात जायचे. चैत्र लागला की त्यांना चैन पडायचं नाही. "आक्काची खुशाली बगून येतो," म्हणायचे आणि कानात काजळी घेऊन परत यायचे. सासूबाई पाण्याचा हंडा तापवून ठेवायच्या आणि पुटपुटायच्या. निजामाचं राज्य जातानाच्या त्या वाईट वर्षात, जेव्हा खालच्या गावांत राहणं धोक्याचं झालं, तेव्हा आमचं अख्खं घर वर हिवरवाडीला जाऊन राहिलं. त्याच गवताखाली. काळजीचे दिवस होते, पण आत्याबाई रोज सकाळी भावाला विचारायच्या, "आता लोक काय म्हनतील रं किसन्या? माळवदवाला गवताखाली निजायलाय!" आणि त्या भीतीतही घर हसायचं.

पण त्या पहिल्या वैशाखातली परतीची वाट माझी सगळ्यांत लाडकी. शाकारणीनंतर एक दिवस राहून आम्ही निघालो. ज्यासाठी गाडी नेली ती बाई गाडीत नव्हती. तिच्या जागी टेंभुरांची टोपली होती, शेंगाच्या चटणीचं गाडगं होतं. आत्याबाई वेशीपर्यंत चालत आल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवून काही न बोलता मागे वळल्या. मामंजी पुढे यांच्या शेजारी बसले होते, पाठमोरे. सगळा उतार संपेपर्यंत कुणी बोललं नाही. मी पदर पुन्हा नाकापर्यंत ओढला होता. मला वाटत होतं, आता पेडगाव येणार, आणि आता मला माझ्या बोलण्याचा जाब मिळणार.

चारठाणं मागे पडलं. सपाट रान सुरू झालं. मामंजींनी मान वळवली नाही, पण म्हणाले, "सूनबाई."

"जी."

"सा महिनं झालं तू आमच्या घरात हाईस. तुजा आवाज मला ठावूकच नव्हता."

बैलांच्या गळ्यातली घुंगरं तेवढी वाजत होती.

"बोलत जा," ते म्हणाले.

मला आधी नीट समजलंच नाही. मग मी विचारलं, "काय बोलू?"

"काय बी. रस्ता लांब हाय."

मी पदर मागे सारला. डाव्या हाताला एक मोठं वडाचं झाड होतं, त्यावर बगळे होते. मी त्यांच्यापासून सुरुवात केली. मग माझ्या माहेरच्या विहिरीवर आले, विहिरीवरून माझ्या धाकट्या भावावर, त्याला एकदा बोकडानं पळवलं होतं त्यावर, मग चांदभाईंवर, मग धपाट्यांत तीळ घालावेत की घालू नयेत यावर. मधेच मामंजी "हं" म्हणायचे. एकदा "मंग?" म्हणाले. यांची पाठ हसून हलत होती. ऊन उतरलं, बोरी आली, बैल सोडले, चूल मांडली. मी पीठ मळता मळता बोलतच होते, आणि मामंजी समोर दगडावर बसून ऐकत होते.